पावणेपाचची मोटार

कोथरूडमधलं ते घर आम्ही एका रविवारी दुपारी चार वाजता पाहिलं. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या बाजूला लहानशी बाल्कनी आणि तिच्यात आधीच्या बिऱ्हाडाने सोडून दिलेली तुळशीची कुंडी. आईने नळ सोडून पाण्याची धार पाहिली, मोरीचा उतार पाहिला, ओट्याखालच्या कपाटात वाकून झुरळांचा वास येतो का ते पाहिलं. मी खिडक्यांच्या कड्या लावल्या-काढल्या, फोनला रेंज किती येते ते बघितलं. एजंट म्हणाला, "ताई, एरिया एकदम शांत आहे, फॅमिली सोसायटी आहे." त्या वेळी गल्लीत खरोखरच चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी आम्ही टोकन देऊन टाकलं.

सामान बुधवारी आलं. गुरुवारी पहाटे पावणेपाचला आईच्या खोलीची भिंत घुमायला लागली. आवाज मोठा नव्हता. जाड होता, एकसुरी होता, आणि तो कानांतून येण्याआधी पलंगाच्या लाकडातून अंगात शिरत होता. पस्तीस मिनिटांनी तो थांबला. थांबताना भिंतीच्या आत कुणी घण घालावा तसा एक दणका बसला आणि खिडकीची काच थरथरली. आई अंधारात उठून बसली होती. "अगं, गिरणी सुरू झाली बघ कुठेतरी," ती म्हणाली.

गिरणी नव्हती. आईच्या पलंगाच्या बरोबर खाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, सोसायटीची पाण्याची मोटार होती. महापालिकेचं पाणी हौदात येतं, हौदातलं पाणी मोटार गच्चीवरच्या टाकीत चढवते. लोकांना साडेपाचला नळाला पाणी लागतं, म्हणून वॉचमन पावणेपाचला बटण दाबतो. मोटार सिमेंटच्या ओट्यावर थेट बोल्ट मारून बसवलेली, खाली रबराचा तुकडासुद्धा नाही. तिच्यातून निघालेला लोखंडी पाइप लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळून वर नेलेला, आणि ती भिंत म्हणजेच आमच्या घरातली आईच्या उशामागची भिंत.

मी घरमालकांना फोन केला. ते नाशिकला असतात, बोलायला सौजन्यशील. म्हणाले, "मोटार सोसायटीची आहे हो. त्यात मी काय करणार? तुम्ही सेक्रेटरींशी बोला." सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी दारातच विचारलं, "तुम्ही भाडेकरू ना? मग मालकांना लिहायला सांगा. आम्ही सभासदांचंच पत्र घेतो." पुढे चार महिने मी या दोन दारांमध्ये हेलपाटे घातले. हा लेख त्या हेलपाट्यांतून निघाला. भाड्याने राहणाऱ्या इतरांशी बोलत गेले, वकिलांकडे बसले, कायद्याची पुस्तकं उघडली, तेव्हा दिसलं की आमची मोटार हे एका फार मोठ्या दुखण्याचं एक टोक आहे. गोंगाटाची तक्रार आणि कराराची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण समजतो. भाडेकरूच्या घरात त्या एकच असतात.

सेक्रेटरींच्या दारातून परतले त्याच रात्री मी करार पहिल्यांदा नीट वाचला. सही करताना कुणीच वाचत नाही. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधार क्रमांक टाकतो, यंत्रावर अंगठा टेकवायला सांगतो, फोटो काढतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. आमचं भाडं बावीस हजार, डिपॉझिट पंच्याहत्तर हजार. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास. नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंटचे येण्या-जाण्याचे. एवढ्या पैशांत जो कागद हातात येतो त्यात आम्ही शेजाऱ्यांना उपद्रव देणार नाही, मोठ्याने गाणी लावणार नाही, सोसायटीचे सगळे नियम पाळू, हे फिरून फिरून चार ठिकाणी लिहिलेलं होतं. आम्हाला उपद्रव झाला तर कुणाकडे जायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. सहा महिन्यांचा लॉक-इन मात्र ठळक अक्षरांत होता. त्याआधी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेतलं जाणार होतं.

एका ज्येष्ठ वकिलांनी तो कागद हातात घेतला आणि वरच्या मथळ्यावर बोट ठेवलं. "लिव्ह अँड लायसन्स. हे दोन शब्द कळले की बाकी सगळं कळतं," ते म्हणाले.

हे शब्द आपल्याकडे कसे आले त्यामागे पाऊण शतकाचा इतिहास आहे. १९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा आला. महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते, आणि मालकांनी भाडेकरूला नाडू नये म्हणून भाडी गोठवली गेली, घर खाली करून घेणं अवघड केलं गेलं. त्या वेळी ते गरजेचंच होतं. पण भाडं तिथेच राहिलं आणि महागाई वाढत गेली. मुंबईतल्या चाळी आणि पुण्यातले वाडे यांत पिढ्यान् पिढ्या तेच बिऱ्हाड, तेच भाडं, आणि दुरुस्तीला मालकाच्या खिशात पैसे नाहीत अशी अवस्था आली. मग मालकांनी पळवाट शोधली: भाडेकरू ठेवायचाच नाही, राहण्याचा फक्त 'परवाना' द्यायचा. सरकारने १९७३ साली ती वाटही अडवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जो राहत होता त्याला भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या धसक्याने किती घरं कुलपात गेली हे मुंबईतली जुनी माणसं अजून सांगतात.

शेवटी १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने परवान्यावर राहणाऱ्याची मुदत संपली की घर सोडायचं, नाही सोडलं तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरायची, अशी कलम २४ मध्ये तरतूद केली. असे दावे नेहमीच्या कोर्टांत वर्षानुवर्षं पडून राहू नयेत म्हणून सक्षम प्राधिकारी नेमले. या कलमाने मालकांची भीती घालवली आणि बंद घरांची कुलपं उघडली, हे मान्य करायलाच हवं. मलाही घर मिळालं ते त्यामुळेच. त्याच कायद्याच्या कलम ५५ने करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची सक्ती केली आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पन्नास-शंभर रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून "एवढं पुरतं" म्हणणाऱ्या मालकांना हे कलम माहीत नसतं, आणि भाडेकरूंना तर नसतंच.

अकरा महिन्यांचंही तसंच. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून एक महिना कमी धरून ती वाचवायची रीत पडली. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा, प्रत्येक करार नोंदवावाच लागतो. अकराचं कारण केव्हाच संपलं, अकरा तेवढे राहिले. आणि दर अकरा महिन्यांनी "पुढे ठेवतील की नाही" हा प्रश्न भाडेकरूच्या पोटात गोळा आणतो तो राहिला.

आता 'लायसन्स'. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात त्याची व्याख्या आहे. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीत काही करण्याची मुभा. ती नसती तर ते करणं बेकायदा ठरलं असतं. मिळकतीत हक्क असा तिने काही येत नाही. त्याच साली झालेल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्टा वेगळा सांगितला आहे. तिथे कलम १०८ म्हणतं की भाडेकरू भाडं देत असेल आणि अटी पाळत असेल तर मुदतभर त्याला व्यत्ययाविना घर भोगू द्यायला मालक बांधील आहे, करारात लिहिलेलं नसलं तरी. परवान्याच्या कागदाला हे कलम चिकटत नाही. आम्ही महिन्याला बावीस हजार भरून एक मुभा विकत घेतली होती. पाहुण्याची आणि आमची कायद्यातली जात जवळपास एक होती, फरक एवढाच की पाहुणा पैसे भरत नाही.

तरी भाडेपट्टा असता तर मोटार थांबली असती असं नाही. आपलं हे कलम ज्या इंग्रजी परंपरेतून आलं तिथे १९९९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे लंडनच्या सदर्क भागातल्या नगरपालिकेच्या भाडेकरूंचा खटला गेला होता. जुन्या इमारती, भिंती-जमिनी इतक्या पातळ की शेजारच्या घरातलं बोलणं, टीव्ही, संडासाचं पाणी, सगळं ऐकू यायचं. भाडेकरूंचं म्हणणं असं की आम्हाला 'शांत उपभोगा'चं वचन आहे. न्यायाधीशांनी त्यांचे हाल नाकारले नाहीत, पण निकाल विरुद्ध दिला: त्या वचनातल्या 'शांत' शब्दाचा अर्थ निःशब्दता असा नाही, आणि शेजारी तर फक्त रोजचं आयुष्य जगत आहेत. हा निकाल मी वाचला तेव्हा आईची झोप कायद्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही हे मला स्वच्छ कळलं.

मग मी गोंगाटाच्या कायद्याकडे वळले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. या वेळात ध्वनिवर्धक बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. २०१० साली दुरुस्ती होऊन रहिवासी भागात रात्री बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला मनाई झाली. या नियमांमागे माणसांची मेहनत आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८०च्या दशकात हा प्रश्न कोर्टात नेला, सुमैरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने रस्त्यांवर उभं राहून वर्षानुवर्षं आकडे नोंदवले, ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ साली न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. मिरवणुकीतल्या भिंतींएवढ्या स्पीकरसमोर नागरिकाच्या हातात आज जे काही आहे ते या लोकांमुळे.

पण हे सगळे नियम रस्त्याकडे तोंड करून उभे आहेत. पातळी मर्यादेपेक्षा १० डेसिबलने वर गेली तर तक्रार करता येते, असं नियम ७ म्हणतो. म्हणजे रात्री निवासी भागात ५५. माझ्या फोनवरच्या अ‍ॅपने आईच्या उशाशी ४१ दाखवले. फोनचा आकडा पुरावा म्हणून टिकणार नाही हे मला माहीत होतं, तरी अंदाज आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. तीस आणि पंचावन्न यांच्यामधल्या पट्ट्यात किती माणसं कूस बदलत पडलेली असतात!

त्यात मोटारीचा आवाज यंत्राला पुरता सापडतही नाही. मोजणीत वापरतात ती पद्धत माणसाच्या कानाला धरून बेतलेली आहे, आणि कान खर्जाला मंद असतो म्हणून ती खर्जातला आवाज कमी मोजते. घरघर, घुमणं, थरथर हे सगळं खर्जातलं. शिवाय आवाज दोन वाटांनी येतो. रस्त्यावरचं भांडण हवेतून येतं, खिडकी लावली की अर्धं होतं. वरच्या मजल्यावरची खुर्ची, खलबत्ता, खाली बसवलेली मोटार, हे सिमेंट-लोखंडातून येतात. चार-पाच इंची स्लॅब त्यांना अडवत नाही, उलट वाहून नेतो. त्याला खिडकीचे पडदे, कानातले बोळे यांचा फारसा उपयोग नाही. उपाय आवाज जिथे जन्मतो तिथेच करावा लागतो, आणि ती जागा नेहमी दुसऱ्याच्या ताब्यात असते.

वाकडला राहणारं एक जोडपं भेटलं. वरच्या फ्लॅटमध्ये घरीच व्यायामशाळा थाटलेली, सकाळी सहापासून वजनं जमिनीवर पडतात. सोसायटीने मालकाला नोटीस काढली, ती यांच्या मालकाला, कारण यांनी "वाद निर्माण केला". ठाण्यातली एक परिचारिका भेटली. ती रात्रपाळी करते. तिची रात्र सकाळी नऊला सुरू होते. कायद्याच्या घड्याळात ती वेळ दिवसाची आहे आणि खालच्या मजल्यावर फरशी कापण्याचं काम सर्व नियम पाळून चालू आहे. तिने तक्रार केली नाही. "कुणाची चूकच नाही ना," ती म्हणाली. तिचं हे वाक्य मला कित्येक दिवस सोडत नव्हतं.

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत आता पुनर्विकासाने गल्लीगल्लीत एक तरी इमारत पाडायला घेतली आहे. ब्रेकर सकाळी नऊला सुरू होतो. शेजारच्या इमारतीतले मालक तो आवाज सोसतात कारण उद्या त्यांचीही इमारत व्हायची आहे. त्यांच्या कानांना त्यात वाढीव चौरस फूट ऐकू येतात. भाडेकरूला फक्त ब्रेकर ऐकू येतो. आणि ज्या इमारतीचं काम निघतं तिथल्या मालकांना बिल्डर दरमहा पर्यायी घराचं भाडं देतो. त्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्याला महिन्याभराची नोटीस मिळते. मग ते मालक आणि हा भाडेकरू एकाच भागात, एकाच आठवड्यात घर शोधायला निघतात. एकाच्या खिशात बिल्डरचे पैसे, दुसऱ्याच्या खिशात पगार. भाडी का वाढतात याचं एक उत्तर तिथे आहे.

वाड्यांमध्ये शांतता होती असं मी म्हणणार नाही. आई वाईच्या वाड्यात वाढली; आठ बिऱ्हाडं, एक आड, एक नळ. पहाटे पाट्यावर वाटण, बंबाचा धूर, कुणाच्या तरी पोराचं रडणं. "पण कोण ओरडतंय ते माहीत असायचं, आणि माडीवरून मालकीणबाईंना हाक मारता यायची," ती म्हणते. मालक त्याच आडाचं पाणी पीत होता. आज मालक नाशिकला असतो, पिंपरीत असतो, न्यू जर्सीत असतो. त्याच्या कानाला आपली मोटार कधीच लागत नाही.

आणि सोसायटी? घर भाड्याने दिलं की मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनवापर शुल्क घेता येतं. ही मर्यादा सरकारने १ ऑगस्ट २००१च्या आदेशाने घातली. त्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. आम्ही तिथे राहतो म्हणून घर 'बिनवापर' ठरतं. पावतीवर आम्ही असतो, सभेत नसतो. भाडेकरूला नाममात्र सभासद करून घ्यायची सोय उपविधींत आहे, पण त्याला मत नाही. मालकाशी आमचा करार आहे, पण मोटार मालकाची नाही. मोटार सोसायटीची आहे, पण सोसायटीशी आमचा करार नाही. कागदाने आम्हाला सोसायटीचे सगळे नियम पाळायला बांधलं, सोसायटीला आमच्यासाठी एका बोल्टालाही बांधलं नाही. हीच गाठ आहे. वकिलांनी शेवटी मला हेच सांगितलं, फार सौम्य शब्दांत.

पोलिसांकडे का गेले नाही, असं काहींनी विचारलं. ११२ला फोन करता येतो, आणि तक्रारदाराचं नाव फुटू देऊ नका असं मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलेलं आहे, अगदी जानेवारी २०२५च्या निकालातही. मोठ्या वस्तीत त्याचा आधार आहे. बारा फ्लॅटच्या इमारतीत, मोटारीच्या डोक्यावर एकच घर असताना, नाव लपणार कुणाचं? भाडेकरू गप्प बसतो तो भित्रा म्हणून नव्हे. आज तक्रार केली तर अकराव्या महिन्यात उत्तर मिळेल, हे हिशेबाने त्याला कळतं. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं आहे. तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात १९९९चाच कायदा चालू आहे, आणि त्यात डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. पंच्याहत्तर हजार रुपये दुसऱ्याच्या खात्यात असले की माणूस आवाज चढवून बोलत नाही.

चार महिन्यांत मी सोसायटीला तीन पत्रं दिली. उत्तर आलं नाही. आई पहाटे उठून हॉलमध्ये खुर्चीत बसून राहू लागली. तिचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. तो मोटारीमुळेच वाढला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण पहाटेच्या अंधारात शाल लपेटून भिंतीकडे बघत बसलेली आई मी रोज पाहत होते.

मग एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या आजी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. पंचाऐंशी साली इमारत उभी राहिली तेव्हापासूनच्या त्या मूळ सभासद. आईशी बोलता बोलता म्हणाल्या, "एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही पहाटे एवढ्या लवकर मिक्सर का लावता हो?" आई बघतच राहिली. आम्ही त्यांना आतल्या खोलीत नेलं, खिडकीतून खालची मोटार दाखवली. पाइप त्यांच्याही भिंतीतून वर जात होता. तिसऱ्या मजल्यावरच्यांना ती खालच्या मजल्यावरची वॉशिंग मशिन वाटायची. वरच्या दोन मजल्यांवरची माणसं इतके दिवस खालच्यांवर मनातल्या मनात चिडून होती, आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

पत्र मीच लिहिलं, तेच शब्द, माझ्या तिसऱ्या पत्रातले. खाली आजींनी थरथरत्या हाताने सही केली आणि फ्लॅट नंबर घातला. अकराव्या दिवशी प्लंबर आला.

तो साठीच्या घरातला, कमी बोलणारा माणूस होता. आधी मोटारीकडे गेलाच नाही. वर आला, आईच्या खोलीत गेला, चप्पल दाराशी काढली होती, आणि उजव्या हाताचा तळवा भिंतीला लावून उभा राहिला. खाली वॉचमनला बटण दाबायला सांगितलं. तळवा थोडा सरकवला, परत थांबला. जिथे पट्टी होती ती जागा त्याने बाहेर न बघता दाखवली. "इथं धरलंय भिंतीला. आणि दणका बसतो तो एनआरव्हीचा. मोटार बंद झाली की वरचं पाणी माघारी पडतं, तेव्हा ती झडप आपटते. मोटारीची चूक नाही, बसवणाऱ्याची आहे." दोन दिवसांचं काम. मोटारीखाली रबरी पॅड, पाइपात रबराचा लवचीक जोड, पट्ट्यांच्या आत रबर, आणि हळू मिटणारी नवी झडप. सगळा खर्च बारा घरांत वाटला तर घरटी एका वेळच्या हॉटेलच्या जेवणाएवढा. तिसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम गजर लावून उठले. पावणेपाचला भिंत गप्प होती. आई झोपली होती, तोंड थोडं उघडं ठेवून, जशी ती पूर्वी झोपायची.

त्यानंतर मी भेटेल त्या भाडेकरूला एकच सांगत आले: घर दोन वेगळ्या वेळी पाहा, एकदा रात्री दहानंतर किंवा पहाटे, आणि लॉक-इनच्या कलमात दोन वाक्यं घालायला सांगा. इमारतीतल्या यंत्राचा किंवा शेजारचा त्रास लेखी कळवूनही पंधरा दिवसांत दूर झाला नाही तर भाडेकरूला काही न कापता घर सोडता येईल. आणि असा त्रास झाल्यास मालक सभासद म्हणून सोसायटीला पत्र देईल. दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. ते मालकाला भाडेकरू-मालक-सोसायटी या त्रिकोणात परत आणतं. मी स्वतः हे एका एजंटला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असं कुणी लिहीत नाही, ताई." करार म्हणजे दोघांनी लिहायची गोष्ट आहे, फॉरमॅटमध्ये जागा आहे, आणि लिहिलं तर नोंदणीला कसलीही हरकत येत नाही. त्याने थोडं थांबून ती वाक्यं टाइप केली.

तो एजंट पुढच्या घराचा होता. कोथरूडचं घर आम्हाला सोडावं लागलं. दहाव्या महिन्यात मालकांचा मेसेज आला, नेहमीच्याच सौजन्याने: यंदा करार पुढे वाढवायचा विचार नाही. कारण दिलं नव्हतं, आणि द्यायला ते बांधीलही नव्हते.

शेवटच्या रविवारी दुपारी एक तरुण जोडपं घर पाहायला आलं. मुलीच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ होतं. नवऱ्याने नळ सोडून पाहिला, खिडक्या पाहिल्या. एजंट म्हणाला, एरिया एकदम शांत आहे. मुलगी आतल्या खोलीत रेंगाळली आणि हळू आवाजात तिने मला विचारलं, "ताई, खरं सांगा, आवाज वगैरे येतो का?"

मी बाल्कनीतून वाकून वॉचमनला हाक मारली, मोटार लावायला सांगितली. मग तिला उशामागच्या भिंतीजवळ नेलं. बाळ मी घेतलं. तिने ओढणीला हात पुसला आणि तळवा भिंतीला लावला.